आळशी लोकांचे लाड

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. प्रवासाच्या नि शाळेच्या आठवणी वाचायला जे इथे येतात त्यांनी आजचा दिवस सोडून दिला तरी माझा राग नाही. माझ्या भाच्याने मात्र शेवटपर्यंत वाचायचं आहे, कारण हे त्याच्यासाठीच आहे. गेल्या रविवारी त्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, सगळ्या सुना-नातवंडांच्या देखत लिहिलं, "मावशी, तुझ्या त्या गोरूटीन म्हणजे आळशी लोकांचे लाड आहेत. खरा प्रोग्रामर असिंक लिहितो." पुढे एक हसरा चेहरा. हसरा चेहरा काढला म्हणून लिहिलेलं पुसलं जात नाही, एवढं मी त्याला लहानपणी शिकवायला हवं होतं.

आधी प्रकरण काय ते सांगते. या ब्लॉगच्या उजव्या बाजूला इतर मराठी ब्लॉगांचे दुवे आहेत, २००८ पासून साठत गेलेले. मोजले तर ३१२ भरले. त्यातले कितीतरी आता उघडत नाहीत. कोण जिवंत आहे आणि कोण गेलं हे एकेक टिचकी मारून बघायचा कंटाळा आला, म्हणून मी गो भाषेत एक लहानसा प्रोग्राम लिहिला. (टाळेबंदीत शिकले. नातवाचं पुस्तक घरात नुसतंच पडून होतं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

पहिला प्रोग्राम सरळमार्गी होता. एक पत्ता घ्यायचा, दार वाजवायचं, उत्तर आलं की पुढचा. काही पत्ते लगेच सांगतात की इथे कोणी राहत नाही. पण ८७ पत्ते असे निघाले की हो नाही नि ना नाही. प्रत्येकासाठी मी ३० सेकंद थांबायची मर्यादा घातली होती. करा हिशेब. जवळजवळ पाऊण तास! आणि त्या पाऊण तासात संगणक काय करत होता? काही नाही. दारात उभा होता.

मग मी फंक्शनच्या आधी 'गो' हा एक शब्द लिहिला. प्रत्येक पत्त्याला स्वतःची गोरूटीन, आणि सगळ्यांनी आपापलं उत्तर एकाच चॅनलमध्ये आणून टाकायचं. अर्ध्या मिनिटात यादी तयार. हे मी कौतुकाने गटावर सांगितलं आणि त्यावर ते आळशी लोकांचं वाक्य आलं.

आता हे लाड कसले आहेत ते बघू.

एकाच वेळी बरीच कामं करायची तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे थ्रेड असतात. पण थ्रेड हा मोठा मानकरी. त्याला उभा करायला सिस्टिमची परवानगी, एकावरून दुसऱ्यावर जायचं तर पुन्हा कर्नलच्या दारात जायचं, आणि लिनक्सवर त्याच्या स्टॅकसाठी सहसा ८ एमबी जागा नावावर लिहून ठेवलेली. (नावावर लिहिली म्हणजे वापरली असं नव्हे, खरी मेमरी लागेल तशीच खर्ची पडते. भाचा हे लगेच दाखवून देणार म्हणून मीच सांगून टाकते.) माझे ३१२ पत्ते थ्रेडवरही निभावले असते, हेही कबूल. पण दहा हजार, लाख झाले की हा मानपान परवडत नाही. गोरूटीन २ केबीच्या स्टॅकवर सुरू होते. लाखभर गोरूटीन म्हणजे स्टॅकपुरते साधारण २०० एमबी. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही ते मावतं.

माझ्या नोकरीची पहिली चार वर्षं एकशिक्षकी शाळेत गेली. चार इयत्ता, एक खोली, एक बाई. चौथीला गणितं घालून द्यायची, तोवर तिसरीचं शुद्धलेखन, मध्येच पहिलीच्या पाट्या बघायच्या. एखादा मुलगा अडकून आकाशाकडे बघत बसला की त्याच्यापाशी ताटकळायचं नाही, पुढच्याकडे वळायचं. चार इयत्तांना चार शिक्षक दिले असते तर ते थ्रेड झाले असते. सरकारने दिले नाहीत, म्हणून बाईने गोरूटीन हाकल्या! यात मुलाला काय करावं लागत होतं? काहीही वेगळं नाही. तो आपलं गणित पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ सोडवत होता. आपण कधी थांबलो नि बाई कधी दुसरीकडे गेल्या याची नोंद त्याने वहीत करावी अशी माझी अपेक्षा नव्हती. ते बाईचं काम. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, पण भाच्याला तपशील लागतो, तेव्हा तपशील देते.

स्टॅक २ केबीचा, मग काम वाढलं तर? सुरुवातीच्या गोमध्ये स्टॅक तुकड्यांचा असे. जागा संपली की दुसरा तुकडा जोडायचा, फंक्शन संपलं की तो सोडायचा. ऐकायला बरं आहे. पण एखादं फंक्शन नेमकं तुकड्याच्या काठावर आलं आणि ते लाख वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये असलं, तर लाख वेळा तुकडा आणा नि लाख वेळा परत करा. पाहुण्याने कूस बदलली की माळ्यावरून गादी काढायची आणि पुन्हा वर टाकायची, असला प्रकार. म्हणून २०१४ मध्ये, गो १.३ मध्ये, ही पद्धत मोडीत काढली. आता जागा संपली की दुप्पट मोठी जागा घेतात आणि अख्खा स्टॅक तिथे हलवतात.

हलवतात म्हणणं सोपं आहे. स्टॅकमध्ये आकडे असतात आणि पत्तेही असतात, आणि काही पत्ते त्याच स्टॅकमधल्या जागांचे असतात. घर बदललं तर ते पत्ते दुरुस्त करायला हवेत. पण अमुक ठिकाणी लिहिलेलं ८२४ हे कोणाचं वय आहे की घर नंबर आहे, हे कोणाला माहीत? फक्त कंपायलरला, कारण प्रोग्राम त्याने उलगडलेला असतो. सी भाषेत हे खात्रीने सांगता येत नाही, तिथे पत्ता आकड्याचं सोंग घेऊन बसू शकतो. आणि जागा संपत आली हे कळतं कसं? बहुतेक प्रत्येक फंक्शनच्या उंबऱ्यावर कंपायलर दोन-तीन सूचनांची एक तपासणी आपणहून घालून ठेवतो. मी लिहिलेल्या फंक्शनमध्ये ती कुठे दिसत नाही, पण असते.

याच तपासणीचा आणखी एक उपयोग केला गेला. एखादी गोरूटीन फार वेळ कामाला लागली की रनटाइम तिची स्टॅकची मर्यादा मुद्दाम खोटी करून ठेवायचा. पुढच्या फंक्शनच्या उंबऱ्यावर ती अडखळली की तिला बाजूला बसवायचं आणि दुसरीला संधी द्यायची. युक्ती झकास, पण अपुरी. जी गोरूटीन कुठलंही फंक्शन न बोलावता नुसती लूपमध्ये गरगरत राहिली, तिला उंबराच लागत नाही. ती बाकीच्यांना खोळंबून ठेवू शकायची. हे भोक बुजायला फेब्रुवारी २०२० मधलं गो १.१४ यावं लागलं. तेव्हापासून सिग्नल पाठवून अशीलाही अधेमधे थांबवता येतं. भाषा जाहीर झाली नोव्हेंबर २००९ मध्ये, म्हणजे दहा वर्षं लोक या एका गोष्टीशी झगडत होते. शेड्यूलरही असाच, २०१३ मध्ये नव्याने लिहिलेला: प्रत्येक प्रोसेसरमागे कामाची स्वतंत्र रांग, आणि ज्याची रांग रिकामी झाली त्याने शेजाऱ्याची अर्धी रांग पळवायची.

इतकी माणसं इतकी वर्षं राबली, कशासाठी? तर कुठल्यातरी गावातल्या निवृत्त बाईला एक शब्द लिहून काम भागवता यावं यासाठी. तिचे लाड झाले हे खरं. पण आळस यात कुठे आला? गिरणीत दळून आणलेलं पीठ वापरणाऱ्या सुनेला आळशी म्हणणारी सासू आणि हा भाचा यांच्यात मला फरक दिसत नाही.

आता त्याच्या असिंककडे वळते. तो रस्ट भाषेत काम करतो. रस्टबद्दल मी वाईट बोलणार नाही, किंबहुना थोड्या वेळाने चांगलंच बोलणार आहे. पण त्याला बहुतेक ठाऊक नसेल की रस्टमध्येही आधी असेच हलके थ्रेड होते. मे २०१५ मध्ये १.० यायच्या आधी, २०१४ मध्ये ते काढून टाकले. कारणं विचारपूर्वक दिलेली होती. रस्टला सीशी विनाखर्च बोलायचं होतं, दुसऱ्या भाषांच्या पोटात शिरायचं होतं, जिथे ऑपरेटिंग सिस्टिमच नाही तिथेही चालायचं होतं. अशा भाषेने रनटाइमचं बोचकं पाठीवर घेऊन फिरणं शक्य नव्हतं. गोमधून सीला हाक मारायला आजही जास्तीचा खर्च पडतो, तो या हलक्या स्टॅकपायीच. तेव्हा रस्टचा निर्णय रस्टपुरता बरोबर होता. माझी तक्रार निर्णयावर नाही, त्या नाइलाजाला शौर्य म्हणून मिरवण्यावर आहे.

मग नोव्हेंबर २०१९ मध्ये रस्टला असिंक-अवेट मिळालं. त्यात कंपायलर तुमच्या फंक्शनचे, जिथे जिथे थांबायचं आहे तिथे तिथे कापून, टप्पे पाडतो. वेगळा स्टॅक लागतच नाही, किती जागा लागेल ते आधीच ठरलेलं असतं, आणि ती २ केबीहून पुष्कळ कमी असू शकते. हे कौतुकास्पद आहे. पण किंमत कोण भरतं? थांबणाऱ्या फंक्शनवर असिंकचा शिक्का मारावा लागतो. मग त्याला बोलावणाऱ्यावर. मग त्याला बोलावणाऱ्यावर. सुतकासारखं आहे हे, एकाला लागलं की साऱ्या भावकीला लागतं. बॉब नायस्ट्रॉम यांनी २०१५ मध्येच याला फंक्शनांचे रंग म्हणून नाव ठेवलं होतं. शिवाय ही फंक्शनं चालवणारा यजमान रस्टच्या मूळ ग्रंथालयात नसतोच, तो बाहेरून आणायचा. आणि चुकून असिंक फंक्शनात साधं, अडवून ठेवणारं काम लिहिलं तर तो अख्खा थ्रेड अडकतो आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. मुलाने गणितही सोडवायचं आणि बाईंचं वेळापत्रकही सांभाळायचं. यात मुलगा हुशार होतो असं कोणाला वाटत असेल तर वाटो.

जावाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सुरुवातीच्या जावात हलके, 'हिरवे' थ्रेड होते. ते एकाच प्रोसेसरपुरते, म्हणून टाकून दिले आणि सिस्टिमच्या थ्रेडवर संसार मांडला. मधली वीसेक वर्षं लोकांनी कॉलबॅकच्या नि कसल्या कसल्या माळा ओवल्या. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये, जेडीके २१ मध्ये, व्हर्च्युअल थ्रेड या नावाने हलके थ्रेड परत आले. या वेळी अनेक प्रोसेसर वापरणारे. जावा लिहिणारे काय एका रात्रीत आळशी झाले? भाच्याने या प्रश्नाचं उत्तर गटावर द्यावं, हसरा चेहरा न काढता.

इथवर वाचून गोवाले टाळ्या वाजवत असतील तर थांबा, तुमच्याशीही भांडायचं आहे.

तुम्ही सांगत फिरता की सामायिक मेमरीवर झोंबाझोंबी करू नका, निरोप पाठवा, म्हणजे कुलपं नकोत नि घोटाळे नकोत. निरोपांची कल्पना थोर आहेच. टोनी होअर यांनी ती १९७८ च्या निबंधात मांडली. (त्यांची पदवी लॅटिन-ग्रीक आणि तत्त्वज्ञानाची होती. बी.ए. मराठीवाल्या बाईला संगणकातलं काय कळणार असं ज्यांना वाटतं त्यांनी हे टिपून ठेवावं.) पुढे इंग्लंडातल्या इन्मॉस कंपनीने १९८३ मध्ये त्यावर ऑकम भाषा काढली आणि ट्रान्सप्युटर नावाच्या चिपमध्येच प्रक्रियांची अदलाबदल बसवली. रॉब पाइक यांनी बेल लॅब्जमध्ये न्यूस्क्वीक लिहिली, तिथून वळणं घेत घेत चॅनल गोमध्ये आलं. घराणं खानदानी आहे, वाद नाही.

पण चॅनल उघडून बघा. आत काय आहे? एक कुलूप, गोल फिरणारी एक रांग, आणि थांबलेल्या पाठवणाऱ्यांच्या नि घेणाऱ्यांच्या दोन याद्या. घेणारा आधीच हात पसरून उभा असेल तर पाठवणारा रांग टाळून थेट त्याच्या स्टॅकवर वस्तू ठेवतो, ही छान गोष्ट. पण कुलूप आहेच. कुलूप नाही असं सांगू नका, ते चांगल्या हातात दिलेलं आहे असं सांगा.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. मुलाने पाटी बाईंच्या हातात दिली की त्याला तिच्यावर लिहिता येत नाही. निरोपाचा खरा अर्थ हा. गोमध्ये मी चॅनलमधून पॉइंटर पाठवला तर पाटी बाईंच्या हातात जाते आणि मुलाच्याही हातात राहते! दोघं एकाच वेळी पुसताहेत नि लिहिताहेत, आणि कंपायलर बघत बसतो. त्यासाठी रेस डिटेक्टर दिलेला आहे, २०१३ पासून, आणि तो उत्तम आहे. पण तो प्रोग्राम चालवून बघतो. जी वाट त्या दिवशी चाललीच नाही तिथली चूक त्याला दिसत नाही. अर्लांगने हा प्रश्न निरोपाची नक्कल करून सोडवला. आणि रस्टने, हो भाच्या, तुझ्या रस्टने तो सगळ्यांत देखणा सोडवला. तिथे वस्तू पाठवली की तिची मालकी गेली. नंतर हात लावला तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. पाटी म्हणजे पाटी. या एका गोष्टीसाठी मी रस्टला दहापैकी दहा देते, आणि माझ्या हातून दहापैकी दहा सुटत नसत हे माझे विद्यार्थी सांगतील. गोरूटीनचा सरळपणा आणि रस्टची पाटी एकाच भाषेत मिळाली तर मला हवी आहे. मागणं महाग आहे हे कळतं. पण मागू तर द्या.

२०१९ मध्ये डॉकर, कुबरनेटीस वगैरे गोमधल्या सहा मोठ्या प्रकल्पांतल्या १७१ चुका तपासणारा एक शोधनिबंध आला. ज्या चुकांत गोरूटीन कायमच्या अडकून बसल्या त्यांतल्या निम्म्याहून जास्त चुका निरोपांच्या होत्या, सामायिक मेमरीच्या नव्हे. उलट, अडकल्या नाहीत पण घोटाळा झाला अशा चुकांत बहुतेक सामायिक मेमरीच्या. म्हणजे निरोपाने एक रोग कमी होतो आणि दुसरा अंगणात येतो. हे पुस्तकाच्या पहिल्या धड्यात का सांगत नाहीत?

मला स्वतःला तो रोग झाला म्हणून इतकं चिडून लिहिते आहे. त्या ८७ पत्त्यांसाठी मी पुढे मर्यादा ३० वरून ५ सेकंदांवर आणली. दार वाजवायला एक गोरूटीन पाठवायची; तिचं उत्तर आलं तर घ्यायचं, नाहीतर ५ सेकंदांनी हिची वाट सोडून पुढे जायचं. यादी झटपट येऊ लागली. मग मला हाव सुटली आणि तासातासाला आपोआप तपासणी सुरू ठेवली. दोन दिवसांत प्रोग्रामची मेमरी फुगत चालली. कारण साधं होतं. मी वाट बघणं सोडलं, पण हे त्या गोरूटीनला कोणी सांगितलं? ती बिचारी उशिरा का होईना उत्तर घेऊन चॅनलच्या तोंडाशी यायची आणि घेणारा कधीच निघून गेलेला असायचा. बिनसाठ्याच्या चॅनलमध्ये घेणारा असल्याशिवाय देता येत नाही. म्हणून ती उभी. कायमची. दर तासाला ऐंशी-पंच्याऐंशी जणी. सगळ्याच गोरूटीन झोपल्या तर गो ओरडून सांगतो, पण एक जरी जागी असली तर बाकीच्या उभ्या आहेत हे तो आपणहून सांगत नाही.

इलाज एका आकड्याचा होता. चॅनल करताना त्यात एका निरोपाची जागा ठेवायची. मग घेणारा असो वा नसो, ती निरोप ठेवून आपल्या वाटेने जाते. हा आकडा मला कोणी दाखवला? भाच्यानेच. फोनवर, रात्री अकरा वाजता, हसला नाही, आणि "मावशी, ही चूक माझ्या ऑफिसातसुद्धा झाली होती," असं म्हणाला. हे त्याने गटावर लिहिलं नाही, म्हणून मी इथे लिहिते.

आता उरलेलं काम. ३१२ पैकी १२४ दुवे उघडतात. ८७ जण उत्तर देत नाहीत आणि बाकीच्यांचा पत्ताच नाहीसा झाला आहे. उत्तर न देणाऱ्यांना मी लगेच काढणार नाही, आठवडाभर रोज एकदा दार वाजवून बघीन. ज्यांनी घर बदललं आहे त्यांनी नवा पत्ता खाली कळवा. आणि तो साधा, चालणारा पत्ता द्या, पुन्हा पुन्हा दुसरीकडे पाठवणारा नको. माझा प्रोग्राम अजून तिथे गोंधळतो.